नेत्रकोटराच्या अस्थिभंगावरील शस्त्रक्रिया : परिणाम आणि गुंतागुंत

नेत्रकोटर म्हणजे डोळ्याची खोबण. आघातामुळे खोबणीच्या एक किंवा अधिक भिंती मोडल्यास त्या फटीत उतरलेले स्नायू व चरबी पुन्हा जागेवर आणणे आणि मोडलेल्या भिंतीला आधार देणे, यासाठी केल्या जाणाऱ्या उपचाराला नेत्रकोटराच्या अस्थिभंगावरील शस्त्रक्रिया असे म्हणतात. एकाच्या दोन वस्तू दिसणे (द्विदृष्टी) दूर करणे आणि डोळा खोल किंवा खाली जाऊन चेहऱ्यात आलेले वैगुण्य सुधारणे ही या शस्त्रक्रियेची दोन मुख्य उद्दिष्टे होत. बहुसंख्य रुग्णांमध्ये ही उद्दिष्टे पूर्णतः किंवा बऱ्याच अंशी साध्य होतात. तथापि द्विदृष्टी टिकून राहणे, डोळा काहीसा खोल राहणे, गालाची बधिरता, खालच्या पापणीची विकृती, आधारासाठी बसवलेली पट्टी सरकणे आणि क्वचित दृष्टी जाणे अशा गुंतागुंती उद्‌भवू शकतात. यांपैकी कोणता दोष मूळ इजेचा आणि कोणता शस्त्रक्रियेचा, हे ओळखणे उपचाराच्या दृष्टीने महत्त्वाचे असते.

रचना

नेत्रकोटर हे चार बाजूंच्या शंकूसारखे असते. त्याचे रुंद तोंड पुढे आणि निमुळते टोक मागे असते. कपाळाचे, गालाचे, वरच्या जबड्याचे, टाळूचे व अश्रुपिशवीजवळचे हाड, तसेच स्फिनॉइड आणि एथमॉइड अशी एकूण सात हाडे मिळून ही खोबण तयार होते. प्रौढ व्यक्तीत तिचे आकारमान सुमारे ३० मिलिलिटर असून त्यांपैकी सुमारे ७ मिलिलिटर जागा नेत्रगोल व्यापतो. उरलेल्या जागेत डोळा हलवणारे सहा स्नायू, पापणी उचलणारा स्नायू, चरबी, रक्तवाहिन्या, अश्रुग्रंथी आणि मज्जातंतू असतात.

खोबणीची कडा जाड व मजबूत असते. भिंती मात्र सर्वत्र सारख्या जाड नसतात. नाकाच्या बाजूची भिंत इतकी पातळ असते की, तिच्या मुख्य भागाला शरीररचनाशास्त्रात कागदासारखा पत्रा या अर्थाचे लॅटिन नाव मिळाले आहे. तळाची भिंत म्हणजेच जबड्याच्या सायनसचे छत होय. तीही पातळ असून तिच्यातून एका खाचेतून व पुढे नळीतून गाल, वरचा ओठ, नाकपुडीची बाजू आणि वरचे पुढचे दात यांना संवेदना पुरवणारा मज्जातंतू जातो. त्यामुळे तळ मोडल्यावर गाल बधिर होणे हे अत्यंत सामान्य लक्षण ठरते. खोबणीच्या मागील टोकाजवळच्या छिद्रातून दृष्टिमज्जातंतू मेंदूकडे जातो. हे छिद्र पुढच्या कडेपासून साधारणतः चार ते साडेचार सेंटिमीटर अंतरावर असते. शस्त्रक्रिया करताना किती खोलवर जायचे याची मर्यादा या अंतरामुळे ठरते.

अस्थिभंग कसा होतो

मूठ, कोपर, चेंडू किंवा वाहनाचा भाग डोळ्याच्या जागी आदळल्यावर खोबणीची कडा शाबूत राहून आतील पातळ भिंत फुटू शकते. याबाबत दोन उपपत्ती मांडल्या जातात. पहिलीनुसार नेत्रगोल मागे ढकलला गेल्याने खोबणीतील दाब एकदम वाढतो आणि सर्वांत दुबळी भिंत बाहेरच्या बाजूस फुटते. दुसरीनुसार कडेवर बसलेला धक्का हाडातून मागे पसरतो आणि पातळ तळ वाकून मोडतो. प्रत्यक्षात दोन्ही क्रिया कमीअधिक प्रमाणात घडत असाव्यात, असे आज मानले जाते. पातळ भिंत फुटल्यामुळे दाबाला वाट मिळते आणि त्यामुळे अनेकदा नेत्रगोल फुटण्यापासून बचावतो. मात्र हे संरक्षण अपुरे असते. म्हणून अस्थिभंगाच्या प्रत्येक रुग्णात नेत्रगोल, बुबुळ आणि दृष्टिपटल यांची तपासणी आधी केली जाते. नेत्रगोल फाटलेला असल्यास त्याची दुरुस्ती प्रथम करतात. हाडाची शस्त्रक्रिया नंतर केली जाते.

भारतात दुचाकींचे अपघात हे चेहऱ्याची हाडे मोडण्याचे एक प्रमुख कारण आहे. त्याखेरीज मारामारी, पडणे आणि क्रिकेट, हॉकी, फुटबॉल यांसारखे खेळ ही कारणे आढळतात.

इतिहास

आघातानंतर डोळा खोल जातो याची नोंद ब्रिटिश नेत्रवैद्य विल्यम लँग यांनी १८८९ मध्ये केली होती. फ्रेंच शल्यवैद्य रने ल फोर यांनी १९०१ मध्ये मृत शरीरांवर प्रयोग करून चेहऱ्याची हाडे कोणत्या रेषांवर मोडतात याचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९५७ मध्ये बायरन स्मिथ आणि विल्यम रेगन या अमेरिकी नेत्रशल्यवैद्यांनी मृत शरीराच्या डोळ्यावर हर्लिंग या आयरिश खेळाचा चेंडू ठेवून त्यावर हातोडीने प्रहार केला. कडा न मोडता तळ फुटल्याचे त्यांना आढळले. या प्रकाराला त्यांनी दिलेले ‘ब्लो-आउट’ हे नाव पुढे रूढ झाले.

त्यानंतरची काही वर्षे असा अस्थिभंग आढळला की, लवकर शस्त्रक्रिया करावी असा प्रघात होता. १९७४ मध्ये ॲलन पटरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रिया न केलेल्या रुग्णांचा अभ्यास मांडला. अनेकांची द्विदृष्टी कालांतराने आपोआप कमी होते, असे त्यांनी दाखवले. या मांडणीमुळे सरसकट शस्त्रक्रियेच्या प्रघातावर प्रश्नचिन्ह उभे राहिले. सी.टी. स्कॅनचा वापर सुरू झाल्यावर मोडलेल्या भागाचा आकार आणि स्नायूची स्थिती प्रत्यक्ष पाहता येऊ लागली व दोन्ही टोकांच्या भूमिकांमधून मध्यममार्ग निघाला. १९९८ मध्ये डेव्हिड जॉर्डन आणि सहकाऱ्यांनी लहान मुलांतील एका फसव्या प्रकाराकडे लक्ष वेधले. २००२ मध्ये मायकेल बर्नस्टाइन यांनी शस्त्रक्रिया तातडीने, दोन आठवड्यांत किंवा मुळीच नको, अशी त्रिविध विभागणी सुचवली. आजही अनेक ठिकाणी तिचा आधार घेतला जातो.

शस्त्रक्रियेचा निर्णय

नेत्रकोटराचा प्रत्येक अस्थिभंग शस्त्रक्रियेस पात्र नसतो. भेग लहान असेल, डोळा सर्व दिशांना हलत असेल आणि तो खोल गेलेला नसेल, तर केवळ निरीक्षण पुरेसे असते. सूज उतरल्यावर अशा रुग्णांची द्विदृष्टी बहुधा नाहीशी होते.

साधारणतः दोन आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया सुचवली जाते ती पुढील परिस्थितींत : स्नायू किंवा त्याभोवतीच्या ऊती फटीत अडकल्याचा पुरावा असून द्विदृष्टी कमी होत नसणे, डोळा निरोगी डोळ्याच्या तुलनेत २ मिलिमीटरांहून अधिक खोल जाणे, किंवा तळाचा निम्म्याहून अधिक भाग मोडलेला असल्याने पुढे डोळा खोल जाण्याची शक्यता असणे. पहिले काही दिवस थांबल्याने सूज उतरते आणि खरा दोष किती हे कळते. फार उशीर केल्यास मात्र अडकलेल्या ऊतींभोवती व्रणऊती तयार होते आणि त्या सोडवणे कठीण जाते. दोन आठवड्यांची मर्यादा हा अनुभवावर आधारलेला संकेत आहे, काटेकोर नियम नव्हे. निवडक रुग्णांत त्यानंतर केलेल्या शस्त्रक्रियाही यशस्वी झालेल्या आहेत.

निर्णयापूर्वी डोळ्याची दृष्टी, बाहुलीची प्रतिक्रिया, सर्व दिशांतील हालचाल, द्विदृष्टीचे क्षेत्र, डोळ्याची खोली आणि गालाची संवेदना यांची नोंद घेतात. भूल देऊन चिमट्याने डोळा फिरवून पाहिल्यास तो अडकल्यामुळे हलत नाही की स्नायू किंवा मज्जातंतू दुर्बल झाल्यामुळे, हे समजते. शस्त्रक्रियेपूर्वीच्या या नोंदी काळजीपूर्वक ठेवल्या नसतील, तर नंतर आढळलेला दोष नवा की जुना हे सांगता येत नाही.

शस्त्रक्रियेचे स्वरूप

शस्त्रक्रिया बहुधा पूर्ण भूल देऊन केली जाते. तळापर्यंत पोहोचण्यासाठी खालच्या पापणीच्या आतील अस्तरातून किंवा पापणीच्या त्वचेवरून छेद घेतात. आतून घेतलेल्या छेदाचा व्रण बाहेर दिसत नाही. हाडावरील आवरण उचलून फटीत उतरलेल्या ऊती हळुवारपणे वर काढतात. छिद्राची शाबूत मागील कड शोधणे ही या शस्त्रक्रियेतील निर्णायक पायरी असते. आधाराची पट्टी त्या कडेवर टेकली नाही, तर ती सायनसमध्ये झुकते आणि खोबणीचे वाढलेले आकारमान तसेच राहते. शेवटी डोळा पुन्हा चिमट्याने फिरवून तो मोकळा झाल्याची खात्री करतात.

आधारासाठी वापरल्या जाणाऱ्या पट्टीला इम्प्लांट म्हणतात. रुग्णाच्या कवटीचे, बरगडीचे किंवा कमरेचे हाड आणि कानातील कूर्चा हे पर्याय शरीराला परके नसतात. परंतु त्यासाठी दुसरी जखम करावी लागते आणि हाड काही प्रमाणात झिजते. टायटॅनियमची जाळी मजबूत असून स्कॅनमध्ये स्पष्ट दिसते. सच्छिद्र पॉलिएथिलीनमध्ये ऊती व रक्तवाहिन्या वाढू शकतात, तथापि साधी पट्टी स्कॅनमध्ये नीट दिसत नाही. शरीरात विरघळणाऱ्या पट्ट्या लहान छिद्रांसाठी उपयुक्त ठरतात. अलीकडे निरोगी बाजूच्या खोबणीची संगणकावर आरशातील प्रतिमा घेऊन रुग्णाच्या मापाचे इम्प्लांट तयार करता येते. सर्व रुग्णांसाठी एकच पदार्थ श्रेष्ठ आहे, असे निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही.

अपेक्षित परिणाम

द्विदृष्टी : शस्त्रक्रियेनंतर सुरुवातीचे काही दिवस किंवा आठवडे द्विदृष्टी कायम राहते. काहींमध्ये ती तात्पुरती वाढलेलीही दिसते. ऊतींना आलेली सूज आणि हाताळणीमुळे दुखावलेले स्नायू हे त्याचे कारण होय. पुढील काही महिन्यांत बहुतेकांमध्ये ती उत्तरोत्तर कमी होते. उरलेल्या द्विदृष्टीचे महत्त्व तिच्या दिशेवर अवलंबून असते. अगदी वर पाहतानाच दोन प्रतिमा दिसत असतील, तर दैनंदिन व्यवहारात फारसा अडथळा येत नाही. समोर किंवा खाली पाहताना त्या दिसत असतील, तर वाचन, लेखन, जिना उतरणे, शिवणकाम आणि वाहन चालवणे अवघड होते. म्हणून केवळ द्विदृष्टी आहे किंवा नाही एवढी नोंद परिणाम मोजण्यास पुरेशी नसते.

डोळ्याची स्थिती : खोबणीचे आकारमान १ मिलिलिटरने वाढल्यास डोळा अदमासे १ मिलिमीटर खोल जातो, असा ढोबळ हिशेब सांगितला जातो. २ मिलिमीटरांपेक्षा कमी फरक सहसा इतरांच्या नजरेस येत नाही. योग्य वेळी केलेल्या शस्त्रक्रियेत डोळ्यांची पातळी व खोली बहुधा समाधानकारक जुळते. सुजेमुळे प्रारंभी डोळा पुढे आल्यासारखा दिसतो. अंतिम स्थितीचा अंदाज सूज पूर्ण उतरल्यावरच करता येतो.

गालाची संवेदना : बधिरता मुख्यतः मूळ आघातामुळे येते. मज्जातंतू ताणला किंवा चेचला गेला असेल, तर काही आठवड्यांपासून वर्षभरापर्यंत संवेदना हळूहळू परततात. परतताना मुंग्या येणे, झिणझिण्या किंवा स्पर्श बोचणे असे अनुभव येतात. काहींमध्ये अंशतः बधिरता कायम राहते. बेल्जियमचा फुटबॉलपटू केविन डी ब्रॉयना याच्या नाकाचे हाड आणि डावे नेत्रकोटर २९ मे २०२१ रोजी चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात मोडले. काही आठवड्यांत तो युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत खेळू लागला, परंतु चेहऱ्याची डावी बाजू बधिर असल्याचे त्याने त्या काळात सांगितले होते. खेळण्यास पात्र होणे आणि पूर्ण बरे होणे यांतील अंतर या उदाहरणावरून ध्यानात येते.

गुंतागुंती

रक्तस्राव आणि दृष्टिनाश : सर्वांत गंभीर परंतु विरळ गुंतागुंत म्हणजे दृष्टी जाणे. तिचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी मानले जाते. नेत्रगोलाच्या मागे रक्त साचल्यास हाडांच्या बंदिस्त खोबणीत दाब वाढतो आणि दृष्टिमज्जातंतू व दृष्टिपटल यांचा रक्तपुरवठा खंडित होतो. तीव्र व वाढती वेदना, पुढे ढकलला गेलेला व कठीण लागणारा डोळा, मंदावणारी दृष्टी आणि प्रकाशाला प्रतिसाद न देणारी बाहुली ही त्याची लक्षणे होत. रक्तपुरवठा सुमारे दीड ते दोन तास खंडित राहिल्यास हानी कायमची होण्याचा संभव असतो. त्यामुळे अशा वेळी स्कॅनची वाट न पाहता डोळ्याच्या बाहेरील कोपऱ्यातील बंध कापून दाब मोकळा करतात. अतिखोल बसवलेल्या पट्टीचा दाब किंवा थेट इजा यांमुळेही दृष्टिमज्जातंतू निकामी होऊ शकतो. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या तासांत रुग्णाची दृष्टी व बाहुली वारंवार तपासण्याचे कारण हेच आहे. याच कारणास्तव डोळ्यावर घट्ट पट्टी बांधून तो झाकून ठेवणे टाळले जाते.

टिकून राहिलेली द्विदृष्टी : ऊती अपुऱ्या सुटणे, पट्टीखाली स्नायू पुन्हा अडकणे, व्रणऊतीमुळे स्नायू हाडाला चिकटणे अथवा आघाताच्या वेळीच स्नायूची वा त्याच्या मज्जातंतूची हानी होणे, अशी कारणे असू शकतात. शस्त्रक्रियेनंतर डोळ्याची हालचाल पूर्वीपेक्षा स्पष्टपणे कमी झाली असेल, तर तातडीने स्कॅन करून अडकलेला स्नायू सोडवावा लागतो. एरवी काही महिने वाट पाहतात. या काळात चष्म्याला लोलकाची भिंग लावून किंवा एक डोळा झाकून तात्पुरती सोय करता येते. सुमारे सहा महिन्यांनी दोष स्थिर झाल्यावर तिरळेपणावर करतात तशी डोळ्याच्या स्नायूंची शस्त्रक्रिया करण्याचा विचार होतो.

डोळा खोल राहणे किंवा अधिक वर येणे : मोठ्या छिद्राचा मागील भाग झाकला न जाणे, नाकाच्या बाजूच्या भिंतीचा अस्थिभंग दुर्लक्षित राहणे आणि चरबी आक्रसणे यांमुळे डोळा खोल राहतो. जुना दोष दुरुस्त करणे पहिल्या शस्त्रक्रियेपेक्षा कठीण असते आणि निकालही तितका निश्चित नसतो. याउलट पट्टी जाड किंवा चुकीच्या उंचीवर असल्यास डोळा वर किंवा पुढे ढकलला जातो.

पापणीच्या विकृती : खालची पापणी खाली ओढली जाऊन पांढरा भाग अधिक दिसणे, पापणी बाहेर वळणे किंवा आत वळून केस डोळ्यावर घासणे असे दोष उद्‌भवतात. पापणीच्या केसांलगत त्वचेवरून घेतलेल्या छेदानंतर पापणी बाहेर वळण्याचे प्रमाण तुलनेने अधिक, तर आतील अस्तरातून घेतलेल्या छेदानंतर ती आत वळण्याची शक्यता असते. सौम्य दोष मालीश आणि काळ यांनी सुधारतात. तीव्र दोषात डोळा पूर्ण मिटत नाही, बुबुळ कोरडे पडते आणि पापणीची वेगळी शस्त्रक्रिया लागते. अश्रुमार्ग दुखावल्यास डोळ्यातून सतत पाणी गळते.

इम्प्लांटचे दोष : पट्टी सरकणे, त्वचेतून किंवा सायनसमध्ये बाहेर येणे, तिच्याभोवती जंतुसंसर्ग होणे अथवा पोकळी तयार होऊन तीत रक्त किंवा द्रव साठणे, असे प्रकार घडतात. पूर्वी मोठ्या प्रमाणावर वापरल्या गेलेल्या गुळगुळीत सिलिकॉन पट्ट्यांबाबत असे दोष शस्त्रक्रियेनंतर अनेक वर्षांनीही आढळले आहेत. त्यामुळे जुनी शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीचा डोळा अचानक सुजला किंवा वर ढकलला गेला, तर जुन्या पट्टीचा विचार करावा लागतो. टायटॅनियमच्या उघड्या जाळीच्या छिद्रांत व्रणऊती रुजून डोळ्याची हालचाल आणि पापणी जखडली जाऊ शकते व अशी जाळी काढणेही अवघड असते.

जंतुसंसर्ग : मोडलेली खोबण सायनसला जोडली जात असूनही खोबणीत जंतुसंसर्ग होण्याचे प्रमाण अल्प आहे. प्रत्येक रुग्णास दीर्घकाळ प्रतिजैविके देण्याची गरज आहे का, याबाबत तज्ज्ञांत एकमत नाही. आधीपासून सायनसचा संसर्ग असल्यास मात्र विशेष काळजी घेतात.

लहान मुलांमधील विशेष प्रकार

मुलांची हाडे लवचीक असतात. आघाताने तळाचे हाड पूर्ण न मोडता बिजागरीच्या झडपेसारखे खाली उघडते आणि लगेच मिटते. त्या क्षणी खाली उतरलेला स्नायू झडपेत चिमटला जातो व त्याचा रक्तपुरवठा बंद पडू लागतो. बाहेरून डोळा लाल किंवा काळानिळा दिसत नाही. पांढरा, निरोगी भासतो. जॉर्डन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये लक्ष वेधलेला फसवा प्रकार तो हाच. स्कॅनमध्येही भेग अत्यंत बारीक असल्याने ती नजरेतून निसटू शकते. खोबणीच्या तळाजवळ स्नायू न दिसणे ही खूण अशा वेळी अधिक बोलकी असते.

अडकलेल्या स्नायूवर ताण आल्याने मज्जातंतूंच्या एका प्रतिक्षेपामुळे हृदयाचे ठोके मंदावतात, मळमळते, उलट्या होतात आणि भोवळ येते. या प्रतिक्षेपाचे वर्णन १९०८ मध्ये आश्नर आणि दान्यिनी यांनी स्वतंत्रपणे केले. डोळा वरून ठीक दिसत असताना मूल उलट्या करत असल्यास मेंदूला मार लागल्याची शंका घेतली जाते. ती शंका रास्तच असते आणि मेंदूची तपासणी आवश्यकही असते. परंतु तेवढ्यावरच थांबल्यास स्नायूकडे दुर्लक्ष होते. मुलाला वर व खाली पाहण्यास सांगणे ही साधी तपासणी येथे निर्णायक ठरते. एक डोळा वर जात नसेल, वर पाहताना वेदना होत असेल किंवा मूल डोळे मिटून निपचित पडून राहत असेल, तर अडकलेल्या स्नायूचा संशय घ्यावा लागतो.

अशा मुलांमध्ये शस्त्रक्रिया शक्यतो २४ ते ४८ तासांच्या आत करावी, असे मत प्रचलित आहे. वेळेवर स्नायू सोडवल्यास हालचाल लवकर परतते. उशीर झाल्यास स्नायूचा काही भाग मृत होऊन तेथे व्रणऊती तयार होते. त्यानंतर हाड उत्तम दुरुस्त केले तरी द्विदृष्टी कायम राहू शकते. प्रौढांमध्ये सूज उतरेपर्यंत थांबण्याचा जो संकेत आहे, तो या प्रकारास लागू पडत नाही.

शस्त्रक्रियेनंतरची काळजी

डोके उंचावर ठेवून झोपणे आणि बर्फाचा हलका शेक यांनी सूज कमी होते. काही आठवडे नाक जोराने शिंकरण्यास मनाई असते. शिंकरताना सायनसमधील हवा दाबाने खोबणीत व पापण्यांत शिरू शकते. शिंक आल्यास ती तोंड उघडे ठेवून द्यावी, असे सांगितले जाते. ही मनाई शस्त्रक्रिया न केलेल्या रुग्णांनाही लागू असते. जड वजन उचलणे, वाकून काम करणे आणि अंगाला अंग भिडणारे खेळ काही काळ टाळावे लागतात. द्विदृष्टी असेपर्यंत वाहन चालवणे धोक्याचे असते.

दृष्टी कमी होणे, औषधांनी न थांबणारी वाढती वेदना, डोळा वेगाने पुढे येणे, वारंवार उलट्या होणे, ताप, पू येणे किंवा नव्याने द्विदृष्टी सुरू होणे ही तत्काळ रुग्णालयात जाण्याची लक्षणे होत. यांपैकी दृष्टी मंदावणे आणि वाढती वेदना यांबाबत सकाळपर्यंत थांबणेही अयोग्य ठरते. तपासण्या साधारणतः काही महिने चालतात. डोळ्याची हालचाल आणि खोली यांची मोजमापे प्रत्येक वेळी घेऊन आधीच्या नोंदींशी ताडून पाहिली जातात.

परिणामांचे मूल्यमापन

परिणामांविषयीच्या अभ्यासांमध्ये आढळणाऱ्या टक्केवाऱ्या एकमेकींपासून बऱ्याच भिन्न असतात. कोणत्या रुग्णांवर शस्त्रक्रिया केली, द्विदृष्टीची व्याख्या काय घेतली, किती काळानंतर तपासले आणि कोणता छेद व इम्प्लांट वापरला यांनुसार आकडे बदलतात. गंभीर इजा असलेल्यांवरच शस्त्रक्रिया होत असल्यामुळे, शस्त्रक्रिया झालेल्यांची तुलना न झालेल्यांशी सरळ करणे दिशाभूल करणारे ठरते.

रुग्णाचे समाधान केवळ मोजमापांवर अवलंबून नसते. स्कॅनमध्ये उत्तम दिसणारी दुरुस्ती असूनही उतरताना पायरी दोन दिसत असेल, तर रुग्णाच्या लेखी ती अपुरी असते. याउलट दीड मिलिमीटरचा फरक उरूनही एखादा रुग्ण पूर्ण समाधानी असतो. खेळाडू, वाहनचालक, सुतार, शिंपी अशा नेमक्या नजरेवर उपजीविका असणाऱ्यांना किंचित दोषही बाधक ठरतो. इंग्लंडचा यष्टिरक्षक-फलंदाज क्रेग कीसवेटर याच्या चेहऱ्यावर जुलै २०१४ मध्ये कौंटी सामन्यात हेल्मेटच्या जाळीतून चेंडू आदळला आणि नाक व डोळ्याजवळची हाडे मोडली. पुढे दृष्टीच्या तक्रारींमुळे त्याने २०१५ मध्ये, वयाच्या २७व्या वर्षी क्रिकेटमधून निवृत्ती घेतली. सामान्य व्यवहाराला पुरेशी असलेली दृष्टी वेगवान चेंडूसमोर पुरी पडेलच असे नसते.

म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला तीन गोष्टींची कल्पना दिली जाते : कोणता दोष सुधारण्याची अपेक्षा आहे, कोणता केवळ काळानेच सुधारेल आणि कोणता कायम राहण्याची शक्यता आहे. गालाची बधिरता तिसऱ्या दिवशी गेली नाही म्हणून शस्त्रक्रिया फसली असे होत नाही. तसेच डोळा दिसायला चांगला असला, तरी तो हलतो किती हे पाहिल्याशिवाय सर्व ठीक आहे असेही म्हणता येत नाही.